दहाव्या नावाआधी मी बटण दाबलं

मंडळी, या सदरात मी गेली कित्येक वर्षं नुसती वाचते. खरं सांगायचं तर वाचते आणि हसते. कुणाच्या मामाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाची स्कूटर बरोबर स्मशानापाशीच बंद पडली... मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं मिळून पेट्रोल संपलं होतं की अक्कल, यावर वाद घालायचो. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट गेली काही वर्षं आत अडकून बसली आहे, आणि ती भुताची म्हणून नव्हे, तर माझ्या चुकीची म्हणून सांगणार आहे. हसायचं असेल तर हसा. माझी पाळी आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. साउथहॅम्प्टनमधल्या एका हॉस्पिटलात वीसेक वर्षं लोकांचे कान तपासते. म्हणजे कुणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे मोजून कागदावर मांडणं हेच माझं पोटापाण्याचं काम. ज्यांच्या कानात रात्रंदिवस घंटा वाजतात, शिट्ट्या येतात, ज्यांना बंद रेडिओतून गाणी ऐकू येतात, असे शेकडो लोक माझ्यासमोर बसून गेलेत. त्या सगळ्याला शास्त्रीय नावं आहेत आणि ती मला पाठ आहेत. (खाली पेशंटचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

आधी थोडं घरचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, वडूजच्या बाजूला. घरटी एक माणूस पलटणीत, असं ते गाव. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ यशवंत, घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. ते दुसऱ्या महायुद्धात गेले. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले एवढं कळलं, पुढे घरी एक कागद आला आणि त्यात ‘बेपत्ता’ असं होतं. त्यांची बायको म्हणजे आमची थोरली आजी. लग्नात चौदा वर्षांची. नवऱ्याचा चेहरा तिने धड पाहिलाही नसेल. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी लोक तिला म्हणायला लागले की आता कुंकू पूस. तिचं एकच उत्तर असायचं, “कागदावं हरावला लिवलंय, मेला न्हाई लिवलं.” यावर बोलायची कुणाची टाप नव्हती. मी पाहिली तेव्हापासून तिच्या कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत आणि तोंडाचा पट्टा चालू. गावात तिला घाबरत नसे असा माणूस नव्हता.

मी लग्न होऊन इंग्लंडला निघाले तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. “तकडं सायबाच्या देशात समदे कागद आस्त्यात म्हनं. त्यांचं काय झालं बघशील का? ह्ये आन् धोंडीचा रामू, दोगं एकाच दिशी भरती झाले बघ. लायनीत रामू म्होरं, ह्ये मागं हुबं हुते. पलटणीत बी म्होरं-मागंच हाक मारायचे त्यास्नी. रामूचं बी कायबी कळलं न्हाई.”

“बघते आजी,” मी म्हटलं.

पुढे प्रत्येक सुट्टीत तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. बघते आजी. आधी नोकरी, मग मुलं, मग घराचं एक्स्टेन्शन... मला तर तेव्हा वाटायचं की नव्वदीच्या म्हातारीला हे कशाला कळायला हवं? कळून करणार काय? पंच्याऐंशी मैलांवर लंडन, तिथे कागदांचे डोंगर, आणि मी वीस वर्षांत एक ईमेल केला नाही.

कोविडच्या आधीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, मंगळवार, दुपारचे अडीच. आमचं डिपार्टमेंट तळमजल्यावर आहे आणि तिथे आवाजबंद बूथ आहे. चारी बाजूंनी जाड भिंती, एक खिडकी, आत खुर्ची. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर खिडकीपाशी. मी जे लावते ते त्याच्या कानात वाजतं, तो जे बोलतो ते माईकमधून मला ऐकू येतं. तिसरा कुठलाही आवाज त्यात शिरत नाही. शिरला तर आमची नोकरी जायची.

मिस्टर ऑल्ड्रिज त्र्याण्णव वर्षांचे होते. ताठ, गुळगुळीत दाढी केलेले, टाय लावून आलेले. सोबत मुलगी जॅनेट, तीही साठीच्या पुढची. श्रवणयंत्र हवं होतं. मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, मी आठवेल तसं मराठीत लिहिते आहे.

“कधी मोठ्या आवाजात काम केलंय? फॅक्टरी, आर्मी वगैरे?”

“पाणबुडीत होतो. युद्धात.”

“इंजिनरूममध्ये?” मी फॉर्मवर टिक करायच्या तयारीत.

“नाही, नाही. मी ऐकणारा. पाण्याखाली हेडफोन लावून बसायचो. शत्रूची मालवाहू जहाजं ताफ्याने जायची, त्यांच्यावर आम्ही टपलेले. पाणबुडी आंधळी असते हो, तिचे कान म्हणजे मी. जहाजांच्या पंख्यांच्या फेऱ्या मोजून सांगायचं — किती जहाजं, केवढी, भरलेली की रिकामी.” मग माझ्याकडे बघून हसले. “म्हणजे आपण एकाच धंद्यातले.”

मला ते आवडलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही भारतात कुठल्या?”

आता इथे राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न आठवड्यातून तीनदा येतो, आणि आपलं सगळ्यांचं उत्तर ठरलेलं आहे. ‘निअर बॉम्बे.’ जळगावचा माणूसही निअर बॉम्बे, सोलापूरचाही निअर बॉम्बे. गोऱ्यांना कोण सातारा समजावत बसणार? मीही तेच म्हटलं.

“अच्छा,” ते म्हणाले. जॅनेटने खिडकीबाहेर पाहिलं.

आधी शिट्ट्यांची चाचणी झाली. वयाच्या मानाने कान ठीकच. मग शब्दांची. यात रेकॉर्ड केलेले साधे इंग्रजी शब्द एकेक करून वाजतात, पेशंटने ऐकला तसा म्हणायचा. एका यादीत दहा शब्द. प्रत्येक शब्दात तीन ध्वनी, म्हणून तीनपैकी गुण द्यायचे. उजवा कान झाला, दहापैकी आठ पक्के. मी डावी यादी लावली. पडद्यावर पहिला शब्द आला.

आणि बूथमधून आवाज आला, “ज्ञानू विठू जाधव, कातरखटाव.”

मी कागदावर शून्य लिहिलं. हो, लिहिलं! वीस वर्षांची सवय. उत्तर शब्दाशी जुळलं नाही की शून्य. हात लिहून मोकळा झाला आणि डोकं मागून आलं.

पडद्यावर दुसरा शब्द. “मारुती बाळा...” आडनाव आणि गाव. तिसरा. चौथा. माणूस तोच, आवाज त्यांचाच, म्हातारा, किंचित घोगरा. पण बोलणं आमच्याकडचं. मंडळी, माझी स्वतःची पोरं इथे जन्मली, त्यांना अजून ‘ळ’ म्हणता येत नाही, ‘बाला’ म्हणतात. हा टाय लावलेला इंग्रज ‘बाळा’ म्हणत होता, ‘गुळुंब’ म्हणत होता, आणि शेवटाला आमच्या मुलखाचा तो हेल. समोर बघत, अगदी शांतपणे, मधे तेवढंच थांबून. हजेरी घ्यावी तसं. माझ्या पाचावर धारण बसली होती, आणि हात मात्र शून्यं लिहीत होता. पाच. सहा. सात. आठ.

नववा शब्द. “रामू धोंडी...” आणि त्यापुढे आमच्या गावाचं नाव.

मी बटण दाबलं आणि चाचणी बंद केली.

का दाबलं? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल त्याला गणती नाही. एक उत्तर चांगलं आहे — पेशंटला स्ट्रोक होत असेल असं वाटलं. खरं उत्तर असं की मी घाबरले. आमच्या गावाचं नाव त्या खोलीत ऐकवेना. रामूच्या मागे कोण उभं होतं, हे मला आजीने सांगून ठेवलेलं होतं.

मी धावत दार उघडलं. हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, महिना कुठला विचारलं. सगळं व्यवस्थित. तेच उलट विचारायला लागले, “काय झालं? थांबलात का? अजून एक राहिला होता.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दहा असतात ना नेहमी? मागच्या हॉस्पिटलातही दहाच होते.”

“तुम्ही काय ऐकलंत?”

“शब्द,” ते म्हणाले. “साधेच. कठीण होते का?”

मी पुन्हा तीच यादी लावली. त्यांनी तेच साधे इंग्रजी शब्द म्हटले, चांगले आठ-नऊ बरोबर. मी तिसऱ्यांदा लावली. ही तपासणी नव्हती, हावरटपणा होता. शेवटी ते थकून म्हणाले, “आज पुरे करू या का?” त्या चाचणीचं रेकॉर्डिंग होत नाही. माझ्याजवळ राहिला तो एक कागद, त्यावर नऊ शून्यं आणि दहाव्या शब्दापुढे रिकामी जागा. ते गेल्यावर मी नावं आठवायला बसले. चार आठवली. बाकी पाच माणसं माझ्या हातून गेली.

घरी शिरीषला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं. तो भूल देणारा डॉक्टर. “अगं, तू लंच स्किप केलं होतंस ना? यू वेअर टायर्ड. मेंदू पॅटर्न शोधतो, दॅट्स ऑल.” मी पेशंटना हेच सांगते, शब्दन् शब्द. त्या रात्री मला ते फार पोकळ वाटलं.

तीन आठवड्यांनी मिस्टर ऑल्ड्रिज यंत्र बसवून घ्यायला आले. या वेळी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, निदान सुरुवातीला तरी. यंत्र कानात बसवता बसवता म्हटलं, “मागे मी तुम्हाला मुंबईजवळची म्हणाले. खरं तर मी साताऱ्याची.”

त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. नव्वदीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“डॅड,” जॅनेट म्हणाली, “नको.”

पण त्यांनी सांगितलं. मलाक्काची सामुद्रधुनी. चार दिवस पाण्याखाली वाट पाहणं. मग जपान्यांच्या तीन जहाजांचा ताफा आणि राखणीला एक लहान बोट. मधलं जहाज जड, सावकाश चालणारं, भरलेलं, असं यांनीच मोजून सांगितलं. कॅप्टनने त्यावर टॉर्पेडो सोडले, दोन लागले. नंतर ऐकत राहणं हेही यांचंच काम.

“कॅप्टनने विचारलं, काय ऐकू येतंय? मी म्हणालो, जहाज मोडतंय, सर. ते खरंच मोडत होतं. पण त्यात दुसराही आवाज होता. ठोकण्याचा. ठोकायचे, थांबायचे, पुन्हा ठोकायचे. लोखंड तुटताना असं थांबत नाही हो. आत माणसं कोंडलेली होती आणि ती एकजुटीने झाकण ठोकत होती. मी दुसऱ्यांदाही म्हणालो, जहाज मोडतंय, सर. वर ती बोट आम्हाला शोधत होती. सांगितलं असतं तरी आम्ही वर जाऊ शकत नव्हतो. मग कशाला सांगायचं, असं वाटलं. एकोणीस मिनिटं ते ठोकत होते. युद्ध संपल्यावर कुणीतरी म्हणालं, त्या जहाजांवर हिंदी कैदी असायचे. त्यात साताऱ्याचे बरेच.”

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “तुमच्याकडचं कुणी होतं का?”

आता बघा. हा माणूस पंचाहत्तर वर्षं प्रत्येक हिंदी डॉक्टरला, नर्सला, टॅक्सीवाल्याला ‘कुठले’ म्हणून विचारत आला असणार. आणि पाच हजार मैलांवर एक बाई तेवढीच वर्षं कुंकू लावून बसली होती. दोघांच्या मधे जगात एकच माणूस उभं होतं, ते म्हणजे मी. जॅनेट माझ्याकडे रोखून बघत होती. पुढचा पेशंट दारात. त्र्याण्णव वर्षांच्या माणसाला काय सांगायचं — हो, होतं, आणि तुम्ही मला त्यांची नावं वाचून दाखवलीत?

“नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडचं कुणी नव्हतं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं काही नव्हतं. सुटका होईल म्हणून आले होते आणि मी दार लावून घेतलं.

त्यानंतर मला एकदम शहाणपण सुचलं. पुरावा हवा! थोरल्या आजीला सांगायचं तर कागद दाखवून. वीस वर्षांत न केलेले ईमेल मी पंधरा दिवसांत लंडनच्या युद्ध संग्रहालयाला केले. उत्तर येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही असं ठरवलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी यायची, फोन कपाळाला टेकवून, म्हणजे मला नुसतं कुंकूच दिसायचं. “कायतरी कळलं का गं?” “बघते आहे आजी. या वेळी खरंच बघते आहे.”

मे महिन्यात जॅनेट एक पाकीट घेऊन आली. इथे श्रवणयंत्र सरकारी असतं, माणूस गेला की परत करायचं. तिने यंत्रं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा त्यांनी दोनदा फोन केला होता. साताऱ्याच्या बाई कधी येणार, म्हणून विचारत होते.” निरोप माझ्या ट्रेमध्ये होता. मला वाटलं होतं यंत्र शिट्टी मारत असेल, सगळ्यांचं मारतं. म्हणून मी तो पुढच्या आठवड्यावर टाकला होता.

आणि गणपतीच्या आधी थोरली आजी गेली. झोपेतच. गावच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, मळवट भरला. सवाष्ण गेली, नशीबवान गं बाई, असं म्हणत एकेक जण पाया पडत होती. मी ते साउथहॅम्प्टनच्या किचनमध्ये उभी राहून फोनवर बघत होते.

संग्रहालयाचं उत्तर नंतर आलं, वरातीमागून घोडं यावं तसं. त्या जहाजांवर कैदी डोकी मोजून चढवले जायचे, नावांच्या याद्या सापडत नाहीत. म्हणजे ज्या कागदासाठी मी गप्प बसले तो कागद कधी नव्हताच.

मी माझ्या परीने सगळं तपासलं आहे. बहिऱ्या होत चाललेल्या मेंदूला भास होतात, मान्य. पण भास झाले तरी त्याला इंग्रजीतच व्हायला हवेत. मिस्टर ऑल्ड्रिजनी कुठल्या स्मारकावर नावं वाचली असतील म्हणावं, तर ‘ळ’ कुठून आणला? आणि माझाच भास म्हणावा, तर रामू मला माहीत होता, पण कातरखटावचा ज्ञानू विठू जाधव मी कधी ऐकलाही नव्हता. बाबांनी ओळखीच्या एकाला तिथे पाठवलं. त्या नावाचा माणूस होता, पलटणीत गेला होता, आणि परत आला नाही. मला यातल्या कशाचंही स्पष्टीकरण देता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

पण माझी झोप उडते ती त्यापायी नाही. आजीच्या दिवसांत बाबांचा फोन आला. ती होती तोवर तात्यांचं श्राद्ध घालायची कुणाची हिंमत नव्हती. आता तिचं आणि तात्यांचं, दोघांचंही करायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, “गुरुजी विचारतायत, तात्यांची तिथी कुठली धरायची?”

तेव्हा मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. बूथ, नऊ नावं, ठोकण्याचा आवाज, मी म्हटलेलं ‘नाही’. बाबा म्हणाले, “अगं, काकीला पुरावा कुठं हवा होता? रामू सोबत होता, एवढं तरी सांगायचंस.” आणि थोड्या वेळाने, “त्या म्हाताऱ्याने दिवस कुठला सांगितला?”

मी विचारलाच नव्हता. एकोणीस मिनिटं मोजून लक्षात ठेवणारा माणूस, त्याला दिवस आणि वेळ तोंडपाठ असणार. तो दोनदा माझ्यासमोर बसला, दोनदा त्याने फोन केला. त्याला विचारायला नाव लागत नव्हतं, पुरावा लागत नव्हता, भुताखेतांवर विश्वासही लागत नव्हता.

“नाही माहीत, बाबा,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. “मग सर्वपित्रीला घालू. ज्यांचं काहीच माहीत नसतं त्यांचं त्या दिवशी घालतात.”

दर वर्षी त्या अमावास्येला बाबा गावी जाऊन दोघांची पानं वाढतात, तात्यांचं आणि रामूचं. मी इथून फोन लावते आणि पानं वाढून होईपर्यंत लाइनवर थांबते.